बंगईवरची नळी

माझी विळी त्यांनी पहिल्याच दिवशी मोजली.

मी स्वयंपाकघरात वांगी चिरायला बसले होते. ते दारात आले. हातात शाळेतल्या पोरांची असते तशी लाकडी पट्टी. म्हणाले, "बाई, जरा थांबता का?" मी थांबले. उकिडवे बसून त्यांनी विळीचं पातं आधी लांबीला मोजलं, मग रुंदीला. पट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले, "लांबी नऊ इंचांच्या आत आहे. रुंदी दोन इंचांच्या वर जाते. पण घरगुती कामाची वस्तू आहे, म्हणून परवाना लागत नाही. चिरा."

मला वाटलं, माणूस येडा आहे. दोन दिवस बघू आणि काम सोडू. मी तिथे सतरा वर्षं राहिले.

त्यांचं नाव मला माहीत आहे. पण नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. सगळे बाबूजी म्हणत. यवतमाळच्या कचेरीत बंदुकीच्या परवान्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं. सगळी नोकरी त्याच टेबलावर गेली. त्यांचे वडीलही कचेरीतच होते, आजाही. त्या घरात कोणी नांगर धरला नाही आणि कोणी बंदूकही धरली नाही. बाबूजींनी लग्न केलं नाही. का ते मी विचारलं नाही.

मी चौथी शिकलेली आहे. घाटंजीच्या पलीकडे आमचा तांडा आहे. नवरा गेल्यावर तांड्यात दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसण्यापेक्षा मी शहरात आले आणि स्वयंपाकाची कामं धरली. मला तोपर्यंत कोणी अहो-जाहो केलं नव्हतं. बाबूजी सगळ्यांनाच अहो म्हणत. दूधवाल्याला, भंगारवाल्याला, ओसरीवर येणाऱ्या मांजरीलाही. "अहो, तुम्ही बाहेर बसा," असं तिला सांगत. ती ऐकत नसे, ते उठवत नसत.

बंदुकीच्या टेबलावरच्या या माणसाला आवाजाची भयंकर भीती होती. दिवाळीत चार दिवस कानात कापूस. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी त्यांना सांगायचं, मग ते अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. कचेरीत लोक बंदुका तपासायला आणत. त्यांना बाबूजी हात लावत नसत. बंदूकवाल्यालाच म्हणत, "नळीवरचा नंबर मोठ्याने वाचा," आणि आपण कागदावर बघत. हे मला माझ्या भावाने सांगितलं होतं, बाबूजींच्या घरी मी कामाला लागायच्या फार आधी. आमच्या बापाची भरमार बंदूक होती. तोंडातून दारू भरायची, जुन्या पद्धतीची. वावर जंगलाला लागून. तूर भरत आली की रानडुकरं येतात, एका झोपेत अर्धं वावर लोळवतात. बाप गेल्यावर बंदुकीचा परवाना भावाच्या नावावर झाला, तो बाबूजींच्याच टेबलावर. त्याला सात चकरा माराव्या लागल्या. पण प्रत्येक वेळी बाबूजींनी त्याला खुर्ची दिली. भाऊ चकरा विसरला, खुर्ची विसरला नाही.

बाबूजींच्या घरासमोर कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. दसऱ्यापासून होळीपर्यंत तिथून कापसाचा भुगा उडायचा. घराच्या ओसरीत बंगई होती. पुण्या-मुंबईकडचे तिला झोपाळा म्हणतात. सुटीच्या दिवशी, आणि नोकरी संपल्यावर रोजच, दुपारचं जेवण झालं की बाबूजी बंगईवर बसत, एक पाय जमिनीला टेकवून. रस्त्यावर चिटपाखरू नसे. कापूस हवेत आला की खाली पडायचा नाही, वरही जायचा नाही, तिथल्या तिथे थांबायचा. त्यांच्या भुवयांवर बसायचा. ते झटकत नसत. डोळे अर्धे मिटलेले, कड्या करकरताहेत, आणि मधेच म्हणत, "बाई, नळी बंदूक कधी होते?"

मी भांडी घासत असायची. पहिल्यांदा मला वाटलं, झोपेत बोलून राह्यले. पण ते जागे असत. त्यांना खरंच कळून घ्यायचं असे. ते सांगत की कायद्यात बंदूक म्हणजे नुसती बंदूक नाही. तिचे भागही बंदूकच. ते बनवायचं यंत्रसुद्धा तिच्यातच मोजतात. म्हणजे घोडा वेगळा पडला असेल तर तो बंदूक. मागचा लाकडी कुंदा नसलेली नळी बंदूक. मग घोडा व्हायच्या आधीचा लोखंडाचा तुकडा? त्याच्या आधीची खाण? "कुठेतरी एक क्षण असला पाहिजे," ते म्हणत. "त्याच्या आधी लोखंड, त्याच्यानंतर गुन्हा. तो क्षण कोणी पाहिला आहे का?"

"मी नाही पाहिला," मी म्हणायची.

"मीही नाही."

अशा वस्तूंना त्यांनी एक शब्द केला होता. होणारी बंदूक. तो शब्द मग सगळ्याला लागू झाला. चुलीवरचं पाणी म्हणजे होणारा चहा. एकदा मी भाकर थापत होते, तर शेजारी येऊन उभे.

"बाई, हा गोळा भाकर कधी होतो?"

"फुगली की."

ते तव्याकडे वाकले. "आणि न फुगलेली?"

"तीबी भाकरच. ती तुमच्या ताटात येते."

ते हसले. हसताना त्यांचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत.

त्यांना स्वप्नं दुपारी पडत. उठल्यावर ते ती फाईल वाचल्यासारखी सांगत. एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी बांधतात. स्वप्नात त्या सगळ्या बंदुका उठून रांगेने त्यांच्या टेबलाकडे येत. चालताना पायांचा आवाज नाही. त्यांच्या मागे दुसरी रांग असे, अर्धवट बंदुकांची. कोणाला कुंदा नाही, कोणाला घोडा नाही, कोणी नुसतीच नळी. त्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या नसत. त्या काही मागत नसत. फक्त उभ्या राहत आणि कापूस पडत असे.

"मंग तुमी काय करता?" मी विचारलं.

"मी म्हणतो, बसा. पण खुर्च्या पुरत नाहीत."

ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील. मी रडले नाही. पण दुपारी भांडी घासताना कोणी काही विचारत नाही, हे मला अजून सवयीचं झालेलं नाही.

नोकरी संपल्यावर ते बाजाराच्या दिवशी माझ्यासोबत घाटंजीला यायचे. मी तांड्यात जाऊन भावाला भेटून यायची, ते बाजारात फिरायचे. विकत काही घ्यायचे नाहीत. कोयते, सुऱ्या, कुऱ्हाडी मांडलेल्या असत, त्यांच्यासमोर उभे राहून मनाशी म्हणायचे, "शेतीची. शेतीची. घरगुती. शेतीची." दुकानदार ओळखू लागले होते. एक म्हणायचा, "बाबूजी, आज पास का नापास?" हे गंभीरपणे म्हणायचे, "पास."

एकदा तिथे एक माणूस प्लॅस्टिकच्या पाइपचं काहीतरी विकायला बसला होता. डुकरं-वांदरं पळवायला मोठा आवाज करतं ते. बाबूजी थांबले.

"यातून बाहेर काय पडतं?"

"आवाज पडते जी."

"फक्त आवाज?"

"फक्त आवाज. डुक्कर घाबरते अन् जाते. मरत नाही."

"खडा, गोळी, छर्रा?"

"काहीच नाही. दाखवू का?"

"नको," बाबूजी म्हणाले, पण त्याने दाखवलं. आवाज झाला आणि बाबूजी शेजारच्या मिरचीच्या ढिगात बसले. मी त्यांना उचललं. डोळ्यांतून पाणी, धोतर लाल. त्या माणसाकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे. फक्त आवाजच पडला. पास."

आता नळीची गोष्ट सांगते.

नोकरी संपल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, एका दुपारी, माझा भाऊ घरी आला. खांद्यावर आमच्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब. मला वाटलं उसाचं कांडं. बाबूजी बंगईवर होते. भावाने ते त्यांच्या पायाशी ठेवलं, सोडलं आणि बाजूला उभा राहिला. लोखंडाचा गोल दांडा होता, हातभर लांब, नवा, चकचकीत. एका टोकाला मधोमध भोक.

"बाबूजी, जुन्या बंदुकीच्या नळीले चीर गेली," भाऊ म्हणाला. "मंग वणीला एक लेथवाला हाय, त्याच्याकून नवी करून राह्यलो. आठ दिवसांचं काम हाय अजून. म्हटलं, पहिले तुमच्याकून परवान्यावर चढवून घ्यावं."

"चढवून?"

"हो जी. घरात पोट्टं झालं की राशन कार्डात नाव चढवते ना. तसं."

मी बाबूजींचा चेहरा पाहिला. पिठासारखा झाला होता.

"हे तुम्ही एसटीतून आणलंत?"

"हो. कंडक्टर म्हणे, शिटाखाली सरकव, लोकाईच्या पायात येते."

"तुमचा परवाना बंदूक ठेवायचा आहे. बनवायचा नाही."

"बंदूक कोठी बनवली जी? नळी बनवली."

"नळी म्हणजे बंदूकच."

"ते कसं काय? भोक आरपार नाही गेलं अजून. पाहा ना!" भावाने दांडा उचलून डोळ्याला लावला. "मले तं काहीच नाही दिसून राह्यलं."

"तरी."

भाऊ माझ्याकडे बघून हसला. "बाई, पाह्य ना, काय म्हणून राह्यले बाबूजी." आमच्यात बहिणीला बाई म्हणतात, त्यामुळे त्या घरात दोघांचीही मी बाईच. मग तो बाबूजींना म्हणाला, "गाईच्या पोटातलं वासरू कोणी बाजारात मोजते का?"

"मोजतात," बाबूजी म्हणाले. "गाभण गाईचा भाव वेगळा असतो."

भाऊ मोठ्याने हसला. त्याला वाटलं, काम झालं.

मी विचारलं, "बाबूजी, याले काय होते?"

त्यांनी बंगई पायाने थांबवली. "बनवण्याला सात वर्षं. त्याच्या खाली नाही. वर कितीही." मग खालच्या आवाजात, "बाळगणाऱ्याला त्याहून कमी."

तेव्हा भावाचं हसू गेलं. त्याची बायको पायाने अधू आहे. वावर त्याच्या एकट्याच्या हातावर. सात वर्षांत तिथे डुकरांनीच संसार केला असता. तो दांड्याकडे असा बघायला लागला, जणू तो दांडा त्याला चावला होता.

"मंग मी वापस नेतो."

"नेऊ नका. रस्त्याने नेणं हा वेगळा गुन्हा आहे."

"मंग इथं ठेवू?"

"इथे ठेवणं हाही गुन्हा आहे."

"मंग कोठी ठेवू जी? डोक्यावर?"

बाबूजी उठले. घरात बघितलं, अंगणात बघितलं. मग बंगईकडे हात केला. "त्यावर ठेवा. ती जमिनीला टेकलेली नाही. आणि तुम्ही घरी जा. हात हलवत जा. इथे आला होतात हे विसरा."

भाऊ गेला. जाताना त्याने लुगडंही नेलं नाही.

त्यानंतरचे तीन दिवस मला आता आठवतात ते झोपेत बघितल्यासारखे. बाबूजी ओसरीत खुर्ची टाकून बसत आणि दांडा बंगईवर पडलेला असे. वारा नसला तरी बंगई थोडी हलायची. जिनिंगचा कापूस त्याच्यावर येऊन बसे, दुपारपर्यंत तो पांढरा होई. बाबूजी फुंकर मारत नसत. ती मांजर एकदा त्याच्याशेजारी जाऊन झोपली. बाबूजी तिला 'बाहेर बसा' म्हणाले नाहीत. जेवायला या म्हटलं की यायचे, दोन घास खायचे, पुन्हा तिथे.

मी फटकळ बाई आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाबूजी, विहिरीत टाका अन् मोकळे व्हा."

"विहीर घरमालकाची आहे. त्याला का अडकवायचं?"

"मंग भंगारवाल्याले द्या."

"त्याने काय वाकडं केलंय आपलं?"

"मंग माह्या भावाचं नाव सांगाचं ठरवलं काय तुमी?"

त्यांनी खुर्ची बंगईच्या आणखी जवळ ओढली. मी त्या दिवशी भाजीत मीठ मुद्दाम जास्त टाकलं. त्यांनी खाल्ली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला ओसरीत बोलावलं.

"बाई, ही नळी कोणाच्या घरात आहे?"

"तुमच्या."

"किती दिवस?"

"आज चौथा."

"कोणी मागायला आलं?"

"नाही."

"मी कोणाला सांगितलं?"

"नाही."

"मग ताबा कोणाचा?"

तीन दिवस ते घाबरून बसले आहेत असं मी समजत होते. ते ताबा मुरवत होते, जसं मी लोणचं मुरवते. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून त्यांनी खरं होईपर्यंत वाट बघितली होती.

"तुमचा," मी म्हणाले.

"बरोबर."

"कायले करता हे? तुमचं काय अडलं?"

"तुमच्या भावाच्या हातात हा गुन्हा होता. माझ्या हातातही गुन्हाच आहे. पण मला तो कळतो. ज्याला कळतो त्याच्याकडे असावा."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, हाताला गुंडाळला आणि दांडा उचलला. सगळ्या जन्मात बंदुकीला, म्हणजे तिच्या भागाला, लावलेला तो पहिला हात. दांडा जड होता. ते एका बाजूला वाकून चालत होते. मी मागून गेले, कारण रस्त्यात पडले असते.

ठाणेदार त्यांना ओळखत होता. उठून उभा राहिला. "अरे बाबूजी! या, या. चहा सांगू?"

"आधी पंचनामा सांगा."

"कायचा पंचनामा? हे काय आणलं, खड्डे खोदाची सब्बल?"

"बंदुकीची नळी. अर्धवट. माझ्या ताब्यात मिळाली, असं लिहा."

ठाणेदाराने खिशातलं पेन काढून भोकात घातलं. ते अर्ध्यावर अडकलं. "हे पाहा. आरपारच नाही."

"कायद्यात आरपार हा शब्द नाही."

"कोणी देलं तुमाले हे?"

"ते मी सांगणार नाही. न सांगण्याचा मला हक्क आहे. ताबा माझा आहे, तेवढं लिहा."

"बाबूजी, घरी जा. हे इथंच ठेवा. मी याच्यानं जीपचं चाक खोलतो अन् विषय संपवतो."

"मग मी वर लिहीन की एक गुन्हा दाखल करायला आपण नकार दिला."

ठाणेदार माझ्याकडे वळला. "मावशी, यायले काही झालं काय? ऊन-गीन लागलं?"

"हे असेच हायेत," मी म्हणाले.

लिहून घ्यावं लागलं. मलाही विचारलं. ही वस्तू कोणी आणली? मी म्हणाले, मले मालूम नाही, मी सैपाकात होती. खाली सही केली. माझी सही चांगली आहे. बाबूजी खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना तुरुंगात ठेवलं नाही, संध्याकाळी जामिनावर घरी आले आणि भाकर खाऊन झोपले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचं घोरणं मी ऐकलं.

पुढचं तर लोकांना सांगितलं तरी खरं वाटत नाही. असा खटला कोर्टात चालवायचा तर आधी कचेरीची मंजुरी लागते. ती फाईल गेली बाबूजींच्याच जुन्या टेबलावर. तिथे आता एक तरुण बाबू होता, यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला काही लिहिता येईना, बिचारा रडकुंडीला आला. बाबूजींना कळलं तेव्हा ते डबा घेऊन कचेरीत गेले. मसुदा वाचला. त्याने 'बंदूक' लिहिलं होतं. बाबूजींनी ते खोडून 'बंदुकीचा अपूर्ण भाग' केलं, कलम दुरुस्त केलं, एका ठिकाणी आरोपीच्या नावातली वेलांटी सुधारली. आरोपी म्हणजे ते स्वतः. घरी येऊन मला म्हणाले, "आता मसुदा चांगला झाला. सुटायला जागा नाही."

दीड-दोन वर्षं तारखा पडल्या. तारखेला ते लग्नाला निघाल्यासारखे निघत. एकदा भाऊ आला होता, मी नको म्हटलं तरी. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसला होता, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. बाबूजी त्याच्या समोरून गेले. थांबले नाहीत. चार पावलं पुढे जाऊन मला म्हणाले, "त्या गृहस्थांना मी ओळखत नाही. पण त्यांना सांगा, सावलीत सरका. ऊन अंगावर येतंय." पुढे भावाने त्या बाजूला येणं सोडलं. आला असता तर मी हाकललंच असतं.

मला साक्षीला बोलावलं. शपथ दिली. ही वस्तू घरात कोणी आणली? मी म्हणाले, मले मालूम नाही साहेब, मी सैपाकात होती. मी खोटं बोलले. त्याचं मला आजही काही वाटत नाही. कोर्टात एवढी माणसं होती आणि सगळी मला बघत होती. बाबूजी तेवढे आपल्या बुटांकडे बघत होते.

मग नळीच्या सरकारी तपासणीचा कागद आला. त्यात होतं की भोक अर्धवट आहे, दारूला बत्ती द्यायचं छिद्र नाही. ही वस्तू बंदुकीसाठीच केली असं नक्की म्हणता येत नाही, यंत्राचा दुसरा कोणता भागही असू शकेल. कोर्टाने बाबूजींना निर्दोष सोडलं.

त्यांच्या वकिलाने पेढे आणले. बाबूजी म्हणाले, "अपील करायचं आहे."

"कशाबद्दल?"

"निकाल चुकीचा आहे. ती नळी होती."

वकील हसला, मग त्याला कळलं की हे हसायचं नाही. "बाबूजी, सुटलेल्या माणसाला अपील नसतं."

घरी आले आणि बंगईवर बसले. जमिनीला पाय लावला नाही. बंगई हलली नाही. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ताट वाढायची, झाकायची, संध्याकाळी गाईला घालायची. त्यांचा भाऊबंद कोणी नव्हता, देवधर्म फारसा नव्हता. तो एक कायदा होता, आणि त्याने त्यांना ओळख दाखवली नव्हती. एकदाच बोलले, तेही माझ्याशी नाही. "म्हणजे इतकी वर्षं मी लोखंडालाच अडवत होतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी चिडले. अन्न वाया गेलेलं मला बघवत नाही. ताट आपटलं आणि म्हणाले, "बाबूजी, ती बंदूकच होती."

"कोर्ट नाही म्हणालं."

"कोर्टाले काय मालूम? मले मालूम हाय. माह्या भावानं मले सांगतलं होतं. भोक झालं की जुना घोडा लावाचा, जुना कुंदा लावाचा, अन् दिवाळीच्या आत डुकरापाशी उभं राहाचं. वणीच्या लेथवाल्याचं नावबी मले मालूम हाय. ते कोणत्या मशीनचा तुकडा-बिकडा नव्हतं. तुमची होणारी बंदूकच होती ती. मी शपथ घेऊन खोटं बोलली."

ते सरळ बसले. माझ्याकडे बघायला लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत जीव आला.

आणि मग मला कळलं मी काय केलं. जे कोर्टाला मिळालं नव्हतं ते सगळं मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. बनवणारा कोण, कशासाठी, कोणी पाहिलं, कोण खोटं बोललं. एका चुकलेल्या वेलांटीसाठी फाईल परत पाठवणारा हा माणूस. आता उठेल, इस्त्रीचा सदरा घालेल, आणि त्याचं म्हणणं खरं होतं हे गावाला दाखवून येईल. माझ्या भावाची सात वर्षं मी रागाच्या भरात वाढून बसले होते. भाकरीवरची माशीही मला हाकलता येईना.

बाहेर कापूस थांबला होता.

मग त्यांनी कानामागे हात नेला आणि छताकडे बघितलं.

"हा पंखा किती वाजतो हो, बाई," ते म्हणाले. "तुम्ही काय बोललात ते काहीच ऐकू आलं नाही. वाढा."

मी वाढलं. लाइट सकाळपासून गेलेली होती.